पलभा चार

जुन्या पंचांगात सुरुवातीच्या पानांवर गावांचा एक तक्ता असायचा. गावाचं नाव, अक्षांश, रेखांश आणि कडेला एक अरुंद रकाना, पलभेचा. पुण्यापुढे चार, उज्जैनीपुढे पाचाच्या थोडं वर, काशीपुढे पावणेसहा. पंचांग उघडणारा माणूस संकष्टीचा चंद्रोदय बघतो, राहुकाळ बघतो, यंदा लग्नाचे मुहूर्त कधी संपतायत ते बघतो. या रकान्याकडे कोणाची नजर जात नाही. गेलीच तर ‘असेल काहीतरी ज्योतिषातलं’ म्हणून पान उलटलं जातं.

आहे ते ज्योतिषातलंच, पण कुंडलीतलं नव्हे. पलभा म्हणजे सावली. तीही कुठलीही नव्हे. वर्षातून ज्या दोन दिवशी दिवस आणि रात्र सारखे असतात, त्या दिवशी बरोबर माध्यान्ही, बारा अंगुळं उंचीच्या उभ्या काठीची सपाट जमिनीवर पडणारी सावली. ती जितकी अंगुळं भरेल तितकी त्या गावाची पलभा. पुण्यात चार. पणजीत तीन आणि वर तिसरा हिस्सा. कोल्हापुरात साडेतीनच्या जरा पुढे, नागपुरात साडेचारच्या जरा पुढे. उत्तरेला जावं तशी ती वाढत जाते, आणि एका अक्षांशावरच्या सगळ्या गावांची सारखीच असते, मग मध्ये सह्याद्री आडवा येवो नाहीतर समुद्र.

अक्षांश अंशांत सांगायला गोलाची कल्पना लागते, कोन मोजायचं साधन लागतं. सावलीला काठी पुरते. आणि ती काठी बारा अंगुळं का, तर बारा अंगुळं म्हणजे एक वीत. हाताची चार बोटं तीनदा शेजारी शेजारी ठेवली की थोड्याफार फरकाने वीत भरते. अंगूळ कोणाचं, जाडं की बारीक, याने काही बिघडत नाही, कारण काठीही त्याच बोटांनी मोजायची आणि सावलीही. पैलवानाने मोजली तरी पुण्याची पलभा चारच आणि शाळकरी पोराने मोजली तरी चारच. वीतभर काठीच्या सावलीत चार बोटं आडवी ठेवली आणि सावली झाकली गेली, की समजावं आपण पुण्याच्या आसपास आहोत. तालुका आणि पेठ मात्र ती सांगत नाही.

आता शब्दाकडे येऊ. ‘पल’ म्हटलं की आपल्याला घटका-पळं आठवतात. साठ पळांची एक घटका, एक पळ म्हणजे आपली चोवीस सेकंदं. त्यामुळे पलभा ही वेळेशी संबंधित काहीतरी असावी असं वाटून जातं. पण ग्रहगणितात ‘पल’ हा ‘अक्ष’ या अर्थानेही येतो. पलांश म्हणजे अक्षांश, पलकर्ण म्हणजे अक्षकर्ण, आणि पलभेचंच दुसरं नाव अक्षभा. तिसरं विषुवच्छाया. इथवर सगळं सरळ आहे. गंमत आहे ती ‘भा’मध्ये.

‘भा’ म्हणजे तेज. प्रभा, आभा, भास्कर, भानू, सगळी त्याच घरची मंडळी. मग सावलीच्या नावात तेज काय करतंय? मला आधी वाटलं ही एकट्या या शब्दाची लहर असेल. पण ज्योतिषाच्या ग्रंथांत सावलीला सर्रास ‘भा’ म्हणतात, ‘प्रभा’ म्हणतात, ‘द्युति’सुद्धा म्हणतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत ‘छायाव्यवहार’ नावाचं प्रकरणच आहे आणि त्यात दिव्याचं एक गणित आहे. दिवा साडेतीन हात उंचीवर, शंकू, म्हणजे उभी काठी, दिव्याच्या तळापासून तीन हात लांब, शंकूची उंची बारा अंगुळं. प्रश्न असा: ‘तस्य प्रभा स्यात् कियती वदाशु’, त्याची प्रभा किती ते चटकन सांग. पहिल्यांदा वाचताना कोणालाही वाटेल की दिव्याच्या उजेडाबद्दल विचारतायत. विचारलेली आहे शंकूची सावली. उत्तर बारा अंगुळं, शंकूएवढीच. त्यातही बारा अंगुळांना भास्कराचार्य ‘अर्कांगुल’ म्हणतात, कारण सूर्य, म्हणजे आदित्य, बारा. काठीच्या मापाला सूर्याचं नाव आणि तिच्या सावलीला प्रभेचं. अंधाराचा शब्द कुठे औषधालाही नाही.

‘छाया’ हा शब्दही असाच दुतोंडी आहे. अमरकोशात त्याचे अर्थ एका ओळीत दिलेत: ‘छाया सूर्यप्रिया कान्तिः प्रतिबिम्बमनातपः’. सूर्याची बायको, कांती, प्रतिबिंब आणि जिथे ऊन नाही ती जागा. म्हणजे चेहऱ्यावरचं तेजही छाया आणि झाडाखालचा अंधारही छाया. शनीच्या स्तोत्रातलं ‘छायामार्तंडसंभूतं’ आपण लहानपणी घडाघडा म्हणत आलो. सावली आणि सूर्य यांचा संसार, त्यातून झालेला मुलगा तो शनी. असल्या घरात मुलगा गंभीर निघाला यात नवल नाही.

आपल्या रोजच्या मराठीने मात्र हे सगळं वेगळं वाटून घेतलंय. सावली ती चांगली, वडाची, आईची. छत्रछायाही चांगली. सावट वाईट, दुष्काळाचं असतं, युद्धाचं असतं. पडछाया जरा भुताटकीकडे झुकणारी. पण यातल्या कुठल्याही सावलीला उजेडाच्या नावाने आपण हाक मारणार नाही. ते मोजणाऱ्यांनीच केलं, आणि मला वाटतं त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. काठीच्या सावलीचं टोक जमिनीवर खूण करून ठेवणारा माणूस खरं तर अंधार मोजत नसतो. काठीच्या शेंड्याला घासून गेलेला किरण जमिनीवर जिथे टेकला, ती जागा तो मोजत असतो. सावली जिथे संपते तिथे ऊन सुरू होतं, आणि कामाची आहे ती ही सुरुवात. मग नाव कोणाचं द्यायचं, झाकलेल्या पट्टीचं की तिथवर पोचलेल्या किरणाचं? हा माझा तर्क, कोशकारांचा नव्हे. पण एकदा हाताने मोजून बघितलं की तो पटायला लागतो.

मोजायचं असेल तर दिवस साधा: २० मार्चच्या आसपास नाहीतर २२-२३ सप्टेंबर. पुण्यात सप्टेंबरचा भरवसा नसतो, परतीच्या पावसाचे ढग असतात, म्हणून मार्च बरा. मी चोवीस सेंटिमीटरची एक सळई घेतली, दोन सेंटिमीटरचं एक अंगूळ धरून, कारण पट्टी सेंटिमीटरची असते आणि माझी बोटं हिशेबाला सोयीची नाहीत. गच्चीवर पाट मांडला. पाट सपाट आहे का हे बघायला त्यावर थोडं पाणी ओतायचं; ते एकीकडे पळालं तर त्या बाजूला कागदाची घडी सारायची. सळई सरळ उभी आहे का ते बघायला दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा केला.

गच्चीवर एकटीचं राज्य नव्हतं. मार्च म्हणजे वाळवणाचे दिवस. खालच्या काकूंनी पहाटे उठून चीक शिजवलेला, प्लास्टिकच्या कागदावर कुरडयांच्या रांगा लागलेल्या.

“काय गं, हे काय मांडलंयस?”

“सावली मोजतेय, काकू.”

“मोज की. माझ्या कुरडयांवर पाडू नकोस म्हणजे झालं.”

मोजायची वेळही घड्याळातले बारा नव्हे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, पुणं त्याच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य इथे पस्तीसेक मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मार्चमध्ये त्यात आणखी सातेक मिनिटांची भर पडते, कारण सूर्य स्वतःही वर्षभर घड्याळाप्रमाणे चालत नाही. सगळं धरून पुण्याची माध्यान्ह त्या दिवशी बारा बेचाळीसच्या सुमाराला. सप्टेंबरात तीच बारा सत्तावीसला. पण खरं सांगायचं तर या दिवशी वेळेची एवढी काळजी करायचं कारण नाही. इतर दिवशी सावलीचं टोक जमिनीवर वाकडा मार्ग काढतं, उन्हाळ्यात एकीकडे वळलेला, हिवाळ्यात दुसरीकडे. विषुवदिनी ते जवळजवळ सरळ रेषेत चालतं. सकाळी नऊपासून दर थोड्या वेळाने टोकावर पेन्सिलीने ठिपका द्यायचा. दुपारी तीनपर्यंतचे सगळे ठिपके पट्टी लावून जोडता येतात, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक सरळ रेघ. सळईच्या बुडापासून या रेघेपर्यंतचं सर्वांत जवळचं अंतर हीच पलभा. ऐन माध्यान्ही ढग आला तरी रेघ कुठे जात नाही.

अंतर निघालं आठ सेंटिमीटर. चार अंगुळं.

‘निघालं’ म्हणताना मी जरा हात सैल सोडलाय. सावलीच्या टोकाजवळ डोळा नेला की कळतं, तिथे टोक नसतंच. गडद पट्टी फिकी होत जाते आणि दोन-अडीच मिलिमीटरमध्ये उन्हात विरून जाते. नेमका ठिपका कुठे द्यायचा हे ठरवताना पेन्सिल घुटमळते. याला कारण सळई नाही, सूर्य आहे. तो बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची त्याची तबकडी आहे. तबकडीची वरची कड एक टोक दाखवते, खालची कड दुसरं, आणि मधल्या जागेत अर्धामुर्धा सूर्य झाकलेला असतो. आता ही अडीच मिलिमीटर गणितात घातली तर अक्षांशात अर्ध्या अंशाचा फरक येतो. जमिनीवर साठेक किलोमीटर. म्हणजे फिक्या कडेच्या एका टोकाला पुणं आहे आणि दुसऱ्या टोकाला मंचर. म्हणून मधोमध खूण करायची, पुन्हा पुन्हा करायची आणि काठी जरा मोठी घ्यायची. अर्थात काठी वाढवली की विरणारी कडही त्याच प्रमाणात वाढते. त्यातून सुटका नाही, फक्त डोळ्याला मधलं ठिकाण धरणं सोपं जातं.

चार अंगुळं हातात आली, पुढे काय? याचं उत्तर कोकणात मिळतं. मुरुड-जंजिऱ्याजवळ नांदगाव आहे, काशीदच्या किनाऱ्यावरून खाली आलं की लागतं. तिथले गणेश दैवज्ञ. त्यांचा ‘ग्रहलाघव’ शके १४४२ चा, म्हणजे इसवी सन १५२० चा. पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं याच ग्रंथावरून तयार होत होती. त्याची ख्याती अशी की ग्रह काढायला ‘ज्या’ आणि ‘चाप’ यांची जी कोष्टकं लागतात, आजच्या भाषेत साइन वगैरे, ती गणेश दैवज्ञांनी पार काढून टाकली. गुणाकार, भागाकार, वजाबाकी येत असलेल्या माणसाला पंचांग करता यावं अशी सोय केली. शुद्ध गणिताच्या लोकांनी यावर नाक मुरडलं असेल. मला हा माणूस मोठा वाटतो तो याचमुळे. अवघड गोष्ट बरोबर करणारे पुष्कळ असतात, ती पुरेशी बरोबर ठेवून सोपी करणारे थोडे.

पलभेबद्दल त्यांचा एक श्लोक आहे. त्याची पहिली ओळ व्याख्या सांगते: ‘मेषादिगे सायनभागसूर्ये दिनार्धजा भा पलभा भवेत् सा’. सायन सूर्य मेषेच्या आरंभी असताना दिवसाच्या अर्ध्यावर जी भा, ती पलभा. यातला ‘सायन’ शब्द, म्हणजे विषुवदिनाच्या बिंदूपासून मोजलेला, सोडून चालणार नाही. आपल्या पंचांगातली मेषसंक्रांत हल्ली १४ एप्रिलच्या सुमाराला येते. त्या दिवशी पुण्यात काठी उभी केली तर सावली दोन अंगुळंही भरत नाही, सूर्य तोवर बराच उत्तरेला सरकलेला असतो. दिवस-रात्र सारखे असतात ते मार्चमध्येच. पाचशे वर्षांपूर्वी नांदगावात बसून त्यांनी तो एक शब्द नेमका घालून ठेवला, म्हणून आजही श्लोक चुकत नाही.

दुसरी ओळ म्हणजे निव्वळ पाककृती आहे: ‘त्रिष्ठा हता स्युर्दशभिर्भुजङ्गैर्दिग्भिश्चरार्धानि गुणोद्धृतान्त्या’. पलभा तीन ठिकाणी लिही. पहिलीला दहाने गूण, दुसरीला भुजंगांनी, तिसरीला दिशांनी, आणि शेवटच्या उत्तराला गुणांनी भाग. भुजंग म्हणजे नाग, ते आठ. दिशा दहा. गुण तीन, सत्त्व-रज-तम. पुण्यासाठी करून बघू. चार दाहे चाळीस. चार आठे बत्तीस. चार दाहे पुन्हा चाळीस, भागिले तीन, तेरा आणि वर तिसरा हिस्सा. ही चरखंडं झाली. तिन्हींची बेरीज पंच्याऐंशी पळं आणि वर तिसरा हिस्सा. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य सहाच्या जितका आधी उगवतो आणि सहानंतर जितका उशिरा मावळतो, ती ही पळं. दोन्ही बाजूंची मिळून एकशेसत्तरच्या जरा वर. चोवीस सेकंदांनी गुणलं की अडुसष्ट मिनिटं. म्हणजे पुण्याचा सर्वांत मोठा दिवस तेरा तास आठ मिनिटांचा आणि सर्वांत लहान दिवस दहा तास बावन्न मिनिटांचा.

आजचं त्रिकोणमिती वापरून केलेलं गणित तेरा तास सात मिनिटं सांगतं. फरक एका मिनिटाचा. वर्तमानपत्रात छापलेलं दिनमान याहून सात-आठ मिनिटांनी मोठं दिसेल, पण त्याला कारणं वेगळी. हवेतल्या वक्रीभवनामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसायला लागतो, आणि उदय मोजतात तो बिंबाच्या वरच्या कडेचा. वीतभर काठी, चार बोटांची सावली, आठ नाग, दहा दिशा, तीन गुण. त्यातून जूनमधला पुण्याचा दिवस निघतो, आणि तो एका मिनिटाच्या फरकाने बरोबर असतो. नांदगावचा अक्षांश पुण्याच्या अगदी लगतचा, तिथली पलभाही चारच्या नखभर आत. हा श्लोक रचताना गणेश दैवज्ञांच्या अंगणातली सावली चार बोटांचीच होती.

चरखंडांवरून मग लग्नं काढायची. म्हणजे कुठली रास क्षितिजावर यायला किती वेळ घेते ते. विषुववृत्तावर मेषेला २७८ पळं लागतात. पुण्यासाठी त्यातून चाळीस वजा केली की २३८, दीड तासाच्या पाच मिनिटं वर. मुहूर्ताचं ‘लग्न’ ते हेच, आणि ज्याला आपण लग्न म्हणतो त्याचं नाव त्यावरून पडलं. मांडवात भटजी घाई करतात तेव्हा त्या घाईच्या तळाशी कुठेतरी ही चार अंगुळं असतात. आमच्याकडे येणाऱ्या गुरुजींना मी एकदा विचारलं, “गुरुजी, पलभा काढता का कधी?” ते हसले. “वडील काढायचे. त्यांना ‘त्रिष्ठा हता’ झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं. मला श्लोक येतो, पण आता मोबाईलवर गाव टाकलं की लग्नासकट सगळं समोर. पलभा विचारतच नाही तो.” त्यांच्या बोलण्यात हळहळ नव्हती आणि मलाही ती उसनी आणायची नाही. यंत्र अचूक काढतं. एवढंच की यंत्राला गावाचं नाव लागतं. काठीला लागत नाही, ती उलट गाव कुठे आहे ते सांगते.

मग मला नादच लागला. नकाशात गाव दिसलं की त्याची पलभा काढायची. तंजावरची सव्वादोन; शिवाजी महाराजांचे बंधू व्यंकोजी राजे दक्षिणेत गेले तेव्हा मराठ्यांची सावली जवळजवळ निम्मी झाली. बडोद्याची पाचाला जरा कमी. गडहिंग्लजची साडेतीन, आणि साडेतीन असली की पलकर्ण, म्हणजे काठीच्या शेंड्यापासून सावलीच्या टोकापर्यंतची तिरपी रेघ, बरोबर साडेबारा भरते. पण या बाबतीत इंदूरची सर कोणाला नाही. इंदूरची पलभा पाच, केसभर इकडेतिकडे. काठी बारा, सावली पाच, कर्ण तेरा. पाच-बारा-तेरा हा शाळेत पाठ केलेला काटकोन त्रिकोण विषुवदिनी दुपारी अख्ख्या इंदुरात खांबाखांबाला टेकून उभा असतो. होळकरांना हे कोणी सांगितलं होतं की नाही देव जाणे.

लंडनची पलभा पंधरा, काठीहून सावली लांब. तिथे मार्चमध्ये भर दुपारीही माणूस स्वतःहून उंच सावली घेऊन फिरतो. मेलबर्नची सव्वानऊच्या वर, पण दक्षिणेकडे पडणारी. आणि विषुववृत्तावर ती शून्य. आपल्या ज्योतिषात या शून्याच्या जागेला लंका म्हणतात, उज्जैनीची रेषा जिथे विषुववृत्ताला मिळते तो बिंदू. तिथे आज समुद्र आहे आणि श्रीलंका बरीच पूर्वेला राहते. पण गणिताला त्या जागी गाव असण्याची गरज नव्हती.

शून्य सावली आपल्याकडेही येते, पण पलभेच्या दिवशी नव्हे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेरीस पुण्यात सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि काठीची सावली काठीच्या बुडात शिरते. जुलैतला दिवस बहुधा ढगात जातो. मधल्या अडीच महिन्यांत पुण्याची दुपारची सावली उलटी, दक्षिणेला पडत असते, हे किती पुणेकरांच्या ध्यानात येतं कोण जाणे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आषाढातल्या माध्यान्हीला ‘नष्टच्छाय’ म्हटलंय. शब्द झकास आहे, पण तो कर्कवृत्ताच्या आसपासच्या गावांसाठी. आपण त्याच्या दक्षिणेला, म्हणून आपली सावली वर्षातून दोनदा नष्ट होते.

एवढं कौतुक केल्यावर पलभेची उणीवही सांगितली पाहिजे. ती अर्धाच पत्ता देते. उत्तर-दक्षिण सांगते, पूर्व-पश्चिम सांगत नाही. चार अंगुळं सावलीची जागा अरबी समुद्रातही आहे, तेलंगणातही आहे आणि मेक्सिकोतही. उरलेला अर्धा पत्ता म्हणजे देशांतर, उज्जैनीच्या रेषेपासून गाव किती पूर्वेला किंवा पश्चिमेला ते. आणि ते काठीने निघत नाही, कारण पृथ्वी फिरते आणि प्रत्येक गावाला आपापली माध्यान्ह मिळते. सगळ्या गावांना एकाच क्षणी दिसणारी एखादी घटना असल्याशिवाय माध्यान्हींमधला फरक कळणार कसा?

अशी घटना आहे, आणि सूर्यसिद्धान्तात देशांतरासाठी तीच सांगितली आहे: चंद्रग्रहण. सूर्यग्रहण गावागणिक वेगळ्या वेळी लागतं, चंद्रग्रहणाचं तसं नाही. चंद्र सावलीत शिरला की ज्याला ज्याला चंद्र दिसतोय त्याच्यासाठी त्याच क्षणी शिरला. त्या क्षणी माझ्या गावात सूर्याच्या हिशेबाने किती वाजले आणि तुझ्या गावात किती, यांतला फरक म्हणजे देशांतर. आणि चंद्र ज्या सावलीत शिरतो तिला गणेश दैवज्ञ काय म्हणतात? ‘छादयत्यर्कमिन्दुर्विधुं भूमिभा’. सूर्याला चंद्र झाकतो, चंद्राला भूमिभा. भूमीची भा. हिचंच आटोपशीर नाव भूभा. काठीची सावली पलभा, पृथ्वीची सावली भूभा, आणि गावाचा पूर्ण पत्ता या दोन भा मिळून सांगतात. राहूचं नाव या ओळीत कुठेही नाही. ग्रहणाच्या दिवशी दारावर दर्भ ठेवणाऱ्या पंचांगवाल्यांच्या पोथीतच हे लिहिलेलं आहे, आणि मला यात विसंगती वाटत नाही. गणित करताना गणित आणि आंघोळ करताना आंघोळ.

भूभेची कडही विरलेली असते, गच्चीवरच्या सळईच्या सावलीसारखीच. चंद्रावर ती सरकत येते तेव्हा ‘आता टेकली’ असं बोट ठेवून सांगता येत नाही, एक-दोन मिनिटं तशीच जातात. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास ग्रहण रात्री अकराच्या सुमाराला पूर्ण झालं, तेव्हा गच्चीवर जमलेल्या आमच्यात शेवटची किनार नेमकी कधी विझली यावर एकमत झालं नाही. कारण तेच, सूर्य बिंदू नाही. इकडे एक मिनिट चुकलं की पुण्याच्या अक्षांशावर सव्वीसेक किलोमीटरची चूक. दोन मिनिटं चुकली की पुन्हा पन्नासच्या घरात. दोन्ही सावल्यांची ओढाताण साधारण एकाच मापाची निघते.

इंदूरला माझा मामेभाऊ असतो. इंदूर उज्जैनीच्या रेषेला जवळजवळ चिकटून आहे, आणि पुणं तिच्यापासून दोन अंश पश्चिमेला. म्हणजे त्याची माध्यान्ह माझ्याआधी आठ मिनिटं. पुढचं चंद्रग्रहण येईल तेव्हा दोघांनी आदल्या दुपारी आपापल्या गच्चीवर काठी रोवायची असं ठरलंय. काठीभोवती दोरीने वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक त्याला कुठे टेकतं आणि दुपारनंतर कुठे, ते टिपायचं. त्या दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात हे सांगून झाल्यावर दोनच शब्द येतात, ‘सा प्राची’. आणि दोन्ही वेळांच्या मधोमध माध्यान्ह. त्यावर घड्याळ बाराला लावायचं, मोबाईलकडे बघायचं नाही, आणि रात्री ग्रहणाची वेळ आपापल्या घड्याळात लिहून ठेवायची. फरक आठ मिनिटं आला पाहिजे.

भाऊ तयार आहे. मार्चमध्ये पाच-बारा-तेराचा त्रिकोणही मोजून देतो म्हणाला. फक्त एक अट घातलीन: “ताई, दुपारचं बोल, सकाळचं नको. सकाळी नऊला गच्चीवर काठी धरून उभा राहिलो तर पोहे कोण खाणार?” त्याला सांगितलंय, ठिपके द्यायला तीनपर्यंत वेळ आहे, पोहे गच्चीवर घेऊन ये.